परतीच्या पाण्याची वाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मी कवितेच्या वाटेला गेलेला माणूस. बी. ए. झालो, तेही मराठी घेऊन. बॉयलर, नळ्या आणि वाफ हा काही माझा प्रांत नव्हे. तरी आज त्याच विषयावर बोलणार आहे, कारण एका थंड रात्री या नळ्यांनी मला झोपेतून उठवलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यापायी आमच्या घरात एक मोठी चूक होता होता राहिली.

२०२४ सालचा जानेवारी. मी आणि माझी पत्नी लेकीकडे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत होतो. घर जुनं, शंभरीला टेकलेलं. बाहेर पारा शून्याच्या खाली. रात्री तीनच्या सुमाराला भिंतीच्या आतून कुणी हातोडा मारावा तसा आवाज सुरू झाला. ठण्, ठण्, ठण्. पत्नी उठून बसली. "कोण आलंय?" शेजारच्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "अब्बा, अम्मी, झोपा. हीटिंग सुरू झालंय. रोजचंच आहे."

सकाळी घर नीट पाहिलं. खालच्या मजल्यावर इतकं गरम की खिडकी किलकिली ठेवलेली. वरच्या मजल्यावर, जिथे माझी सहा वर्षांची नात झोपते, तिथे दोन रजया घेऊनही पोरीचे पाय गार. आणि तळघरात गेलो तर काय! बनियनवर बसावं असा उन्हाळा. जावई म्हणाले, "अब्बा, पैसे मी भरतो आणि ऊब तळघराला मिळते."

अशा घरात ऊब कशी फिरते ते आधी सांगतो. तळघरात बॉयलर असतो. गॅसवर किंवा तेलावर पाणी उकळतं, त्याची वाफ होते. ती छताखालून जाणाऱ्या एका जाड लोखंडी नळीत शिरते. या मुख्य नळीला जागोजागी फांद्या फुटतात आणि त्या वरच्या खोल्यांतल्या रेडिएटरना जाऊन मिळतात. रेडिएटर म्हणजे बिडाच्या पोकळ कप्प्यांची रांग. वाफ थंड बिडाला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती आपली उष्णता खोलीला देऊन टाकते. मग ते पाणी उतारावरून आपोआप खाली उतरतं आणि बॉयलरमध्ये परत येतं. ना पंप, ना पंखा. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरमध्ये दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो. या बॉयलरला घर तापवायला एक-दोन पौंडही पुरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या शहरांत अशी हजारो घरं बांधली गेली. न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया या भागात गेलेल्या आपल्या मराठी मुलांपैकी कितीतरी जण अशाच घरांत भाड्याने राहतात, आणि ती रात्रीची ठणठण त्यांच्याही ओळखीची असेल.

दमाची बिर्याणी केली की झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब परत हंडीत पडतात. मोदकपात्राच्या झाकणाला आपल्या बायका फडकं बांधतात, ते याच थेंबांसाठी. ती वाफ आणि तो थेंब, हेच या घरात चाललेलं असतं. फरक एवढाच की इथे हंडी तळघरात आणि झाकण दुसऱ्या मजल्यावर.

आता परतीची नळी. मुख्य नळी तळघराला फेरी घालते. तिच्या शेवटच्या टोकापासून बॉयलरकडे पाणी आणणारी ती परतीची नळी. तिचे दोन भाग असतात. एक भाग छताजवळून, बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीच्या वरून येतो. त्याला तिकडे ‘ड्राय रिटर्न’ म्हणतात. नाव कोरडं असलं तरी तिच्या तळाशी पाण्याची धार असते आणि वरच्या पोकळीत हवा नि वाफ. दुसरा भाग जमिनीलगत असतो, पाण्याच्या पातळीच्या खाली. तो कायम पाण्याने भरलेला, म्हणून ‘वेट रिटर्न’. आपण त्यांना वरची परत-नळी आणि खालची परत-नळी म्हणू.

जावयांनी काय ठरवलं, तर खालच्या परत-नळीला वेष्टण घालायचं. ती हाताशी होती, शिडी लागत नव्हती. दुकानातून फोमच्या नळकांड्याही आणून ठेवल्या होत्या. एक अडचण होती. ही नळी बॉयलरपाशी वळते तिथे जुनं करडं-पांढरं वेष्टण शिल्लक होतं, प्लॅस्टर केलेल्या हातासारखं, आणि एका बाजूने फाटलेलं. रविवारी सकाळी ते सुरी घेऊन तळघरात उतरले. "हे जुनं खरवडून काढतो आणि नवीन चढवतो." नात बाहुली घेऊन जिन्यावर बसली होती.

त्या फाटक्या कडेतून भुसा डोकावत होता. तो भुसा मी ओळखला.

माझे वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीत बॉयलरवर कामाला होते. वाफेच्या नळ्यांना ते ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळत, वर लगदा थापत. उघड्या हातांनी, तोंडाला फडकं न बांधता. दोराचा एखादा तुकडा घरी आणत, कारण तो जळत नाही. आई त्याचा काकडा करून रॉकेलमध्ये बुडवायची आणि स्टोव्ह पेटवायची. आम्ही पोरं त्या दोराचे धागे सोडवत बसायचो. मऊ, पांढरे, रेशमासारखे. वडिलांना पुढे खोकला लागला, दम लागायला लागला. तो कशाने, हे कुणी तपासलं नाही. त्या काळी कामगाराच्या खोकल्याला बिडी हे एकच कारण असे. म्हणून मीही ठामपणे काही सांगत नाही. पण तो पांढरा भुसा पाहिला आणि मी जावयांचा हात धरला. "बेटा, आधी नातीला वर पाठव. सुरी खाली ठेव."

ॲस्बेस्टॉस हा खनिज धागा. आगीत जळत नाही, उष्णता अडवतो, स्वस्त. म्हणून विसाव्या शतकात बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर तो सर्रास चढवला गेला. कधी पन्हळी पुठ्ठ्याच्या थरांसारखा, कधी वळणांवर लगद्यासारखा. जोवर तो शाबूत आहे, कुणी त्याला हात लावत नाही, तोवर तो गप्प असतो. फाडला, खरवडला, झाडूने झाडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासातून फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. फुफ्फुसं घट्ट होण्याचा आजार, फुफ्फुसाचा कर्करोग, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, हे सगळं त्यातून होऊ शकतं. आणि तेही लगेच नाही, वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी. अमेरिकेत नळ्यांवरच्या अशा भुसभुशीत वेष्टणाला १९७५ साली बंदी आली, पण आधी बसवलेलं जिथल्या तिथे राहिलं. आपल्याकडचे सिमेंटचे पत्रे याच धाग्याचे. त्यांत तो सिमेंटने बांधलेला असतो एवढंच. पत्रा करवतीने कापताना, फोडताना तोही सुटतो.

नुसतं पाहून ॲस्बेस्टॉस ओळखू येतो असं समजू नये, मी ओळखला तो केवळ संशय. खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि नमुनाही जाणत्या माणसाने घ्यावा. जावयांनी रीतसर नमुना तपासून घेतला. ॲस्बेस्टॉसच निघाला. मग परवाना असलेली माणसं आली, त्यांनी तो कोपरा प्लॅस्टिकने बंद केला, ओला करून वेष्टण उतरवलं, सीलबंद करून नेलं. त्या दिवशी आम्ही सगळे घराबाहेर होतो. वेष्टण शाबूत असतं तर त्याला हातही न लावता तसंच ठेवणं हा शहाणपणा होता. आमचं फाटलेलं होतं, म्हणून काढावं लागलं.

यानंतर एक म्हातारा मिस्त्री आला. उभी हयात त्याने वाफेच्या नळ्यांवर काढलेली. फोमच्या नळकांड्या पाहून हसला. फोम थंड पाण्याच्या नळीसाठी ठीक, वाफेच्या नळीवर तो वितळतो. मग त्याने वर बोट दाखवलं. छताखालची मुख्य नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होती. आधीच्या कुण्या मालकाने तिच्यावरचं ॲस्बेस्टॉस काढून घेतलं होतं आणि त्या जागी दुसरं काहीच घातलं नव्हतं. जुन्या घरांत हे फार ठिकाणी झालेलं आहे. खालची गार नळी झाकायला निघालेल्या जावयांच्या डोक्यावर सगळ्यांत गरम नळी नागडी होती.

इथे एक छोटंसं गणित सांगतो. घाबरू नका, मलाही गणिताची भीती वाटते. एक किलो बर्फगार पाणी उकळीपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. म्हणजे साडेपाच पट ऊब नुसत्या वाफ होण्यात लपलेली असते. उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ही लपलेली ऊब जिथे वाफेचं पाणी होतं तिथेच सांडते. रेडिएटरमध्ये झालं तर खोलीला मिळते. तळघरातल्या उघड्या नळीतच झालं तर तळघराला. एक किलो वाफ वाटेतच विरली तर ५४० किलोकॅलरी चुकीच्या जागी गेल्या. एक किलो परतीचं पाणी वाटेत २० अंशांनी निवलं तर गेल्या फक्त २०.

नळीच्या भाषेत सांगायचं तर वाफेने भरलेली दोन इंची उघडी नळी दर फुटाला साधारण ७० वॅट उष्णता सोडते. तीस फूट नळी म्हणजे दोन हजारांवर वॅट. आपल्या न्हाणीघरातला गीझर साधारण एवढाच असतो. बॉयलर चालू असेपर्यंत एक अख्खा गीझर तळघराच्या हवेत उघडा टाकल्यासारखं झालं. तिच्यावर एक इंच जाडीचं फायबरग्लासचं वेष्टण चढवलं की हा तोटा पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. उलट ६०-६५ अंशांचं पाणी वाहणारी एक इंची परत-नळी फुटाला पंधरा-वीस वॅटच सोडते.

म्हणून क्रम असा: आधी मुख्य नळी आणि तिच्या तळघरातल्या फांद्या. मग वरची परत-नळी. खालची परत-नळी सर्वांत शेवटी, आणि बहुतेक घरांत नाही घातली तरी चालते.

वरची का झाकायची? कारण एकनळी पद्धतीत, म्हणजे वाफ चढते त्याच नळीने पाणी उतरतं अशा लेकीच्या घरासारख्या घरात, मुख्य नळीच्या टोकापलीकडेही थोडी वाफ जाते. तिथे जवळच हवा सोडणारी झडप असते. सुरुवातीला सगळ्या नळ्यांत हवा भरलेली असते. ती त्या झडपेतून सुस्स करत बाहेर पडते तेव्हाच वाफ पुढे सरकते. परत-नळी उघडी आणि तळघराच्या थंड भागातून जाणारी असली तर वाफ तिथेच विरत राहते. मात्र वेष्टण घालताना ती झडप झाकायची नाही. पाण्याची पातळी दाखवणारी काच झाकायची नाही. व्हॉल्व्ह आणि जोड उघडता येतील असे मोकळे ठेवायचे.

दोननळी पद्धतीच्या घरात गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक रेडिएटरच्या पायाशी ‘ट्रॅप’ असतो. पाणी जाऊ द्यायचं, वाफ अडवायची, हे त्याचं काम. तिथली परत-नळी येणाऱ्या नळीइतकीच तापत असेल तर कुठलातरी ट्रॅप निकामी झालाय आणि वाफ परतीच्या वाटेला घुसलीय. अशा नळीला वेष्टण घालणं म्हणजे ताप उतरवण्याऐवजी रोग्यावर रजई टाकणं. आधी ट्रॅप दुरुस्त करायचा. काही मोठ्या इमारतींत परतीचं पाणी टाकीत साठवून पंपाने ढकलतात. तिथे पाणी फार गरम राहिलं तर पंपातच त्याची वाफ होऊ लागते. म्हणून तिथे परत-नळीला हात लावण्यापूर्वी जाणत्याला विचारलेलं बरं.

आता ती रात्रीची ठणठण. उघड्या नळीत वाफेचं पाणी फार होतं. नळी कुठे झोळासारखी खाली आली असेल तर ते तिथे साचतं. वरून वेगाने वाफ येते, त्या पाण्याचा गोळा उचलते आणि पुढच्या वळणावर आदळते. शिवाय वाफेचं पाणी होताना ती सतराशे पटींनी आकसते. तिथे एकाएकी पोकळी होते आणि पाणी तिच्यात धाडकन घुसतं. घरच्या एक-दोन पौंड दाबात याने फक्त झोपमोड होते. पण १८ जुलै २००७ ला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, रस्त्याखालची १९२४ साली टाकलेली शहराची मोठी वाफनळी अशाच आघाताने फुटली. एक जण गेला, अनेक जखमी झाले. साचलेलं पाणी काढून टाकणारे ट्रॅप तुंबले होते. वाफेच्या जगात पाण्याला परतीची वाट मिळाली नाही की ते असं बोलतं.

आमच्याकडे मिस्त्रीने छतातली एक निखळलेली पट्टी घट्ट केली, मुख्य नळी थोडी वर उचलली. उतार सरळ झाला आणि ठणठण थांबली. त्यासाठी वेष्टणाची वाटही पाहावी लागली नाही.

खालच्या नळीबद्दल मात्र तो गंभीर झाला. ही नळी गंजते. तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ बसतो. ती गुपचूप गळू लागली तर बॉयलरमधलं पाणी तिच्यावाटे निघून जाऊ शकतं, आणि कोरड्या बॉयलरखाली आग जळत राहिली तर काय होईल ते सांगायला नको. यासाठी हार्टफर्ड शहरातल्या, १८६६ साली स्थापन झालेल्या एका बॉयलर विमा कंपनीने १९१९ मध्ये परत-नळीला एक वळसा देण्याचा आग्रह धरला. ही नळी थेट बॉयलरच्या तळाला न जोडता वर उचलून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली जोडायची, म्हणजे खाली गळती झाली तरी बॉयलर पूर्ण रिकामा होत नाही. त्याला आजही ‘हार्टफर्ड लूप’ म्हणतात. लेकीच्या बॉयलरलाही तो वळसा आहे. पाणी कमी झालं की आग बंद करणारं यंत्रही हल्ली असतं. तरी बॉयलरमध्ये वरचेवर नवं पाणी घालावं लागत असेल तर गळती आहे असं समजावं. नवं पाणी नवा प्राणवायू आणतं, त्याने गंज आणखी वाढतो. म्हणून खालची नळी डोळ्यांसमोर उघडी असलेली बरी. वेष्टणाखाली पहिला थेंब दिसत नाही.

ॲस्बेस्टॉस गेल्यानंतर जावयांनी हातमोजे नि मास्क घालून दोन शनिवार-रविवार खपून मुख्य नळी आणि वरची परत-नळी फायबरग्लासने झाकली. फोम दुकानात परत गेला. पहिल्याच रात्री फरक पडला. वाफ पूर्वीपेक्षा लवकर वरच्या मजल्यावर पोचू लागली आणि खालच्या मजल्याची खिडकी बंद झाली. तळघर आता गार असतं. तिथले पिण्याच्या पाण्याचे नळ कडाक्यात गोठत नाहीत ना, एवढी नजर ठेवावी लागते. गॅसचं बिल किती उतरलं ते मी सांगणार नाही, कारण त्यानंतर थंडीही ओसरली होती आणि श्रेय कुणाचं ते ठरवता येणार नाही.

आम्ही सोलापूरला परत आलो. त्याच मार्चमध्ये बातमी वाचली की अमेरिकेने ॲस्बेस्टॉसच्या, तिथे अजून वापरात असलेल्या एकमेव प्रकारावरही बंदी जाहीर केली. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं सगळं आयुष्य वाफ राखण्यात गेलं, आणि ती कशाने राखतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. माझ्या जावयांना सांगणारं कुणीतरी होतं.

निघण्याच्या आदल्या रात्री मी तळघरात गेलो होतो. वर पांढऱ्या वेष्टणातली नळी, खाली ती उघडी परत-नळी. तिच्यावर हात ठेवला. कोमट होती, हात ठेवता येईल इतपत. वरच्या खोलीतून खाली आलेलं पाणी होतं ते. वर गेलो तर नात एकाच रजईत झोपली होती, आणि तीही अर्धी लाथेने दूर सारलेली.